एकोणिसावे पत्र

कंधार तालुक्यातील पळसवाडी या गावात कस्तुराबाईंच्या पत्राचा मोठा दरारा होता. एखाद्या बाईचा मुलगा पुण्याला नोकरीस लागून दिवाळीला आला नाही, म्हणजे ती बाई कस्तुराबाईंच्या ओट्यावर येऊन बसे आणि म्हणे, "अक्का, एक पत्र घाला की त्याला. तुमच्या पद्धतीचं." मग कस्तुराबाई पदर खोचून पत्र सांगत आणि त्यांचे धाकटे दीर दगडोबा ते लिहून घेत. कस्तुराबाईंना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानातही येत नसे.

या दराऱ्याचे मूळ १९८७ सालात होते. कस्तुराबाईंचे पाठचे भाऊ अमृतराव परभणीला शेतकीची पदवी घेऊन १९७६ साली समुद्रापलीकडे अमेरिकेत गेले. आयोवा नावाच्या मुलखात मक्याच्या बियाण्यावर त्यांचे काम असे. अकरा वर्षे ते एकदाही आले नाहीत. आई लेकीपाशीच राहत होत्या. त्या वारल्याची तार गेली, तेव्हाही अमृतराव आले नाहीत. त्यानंतर कस्तुराबाईंनी एक पत्र धाडले, आणि ते पोचल्यावर पंधरा दिवसांच्या आत अमृतराव कंधारच्या एसटीतून शाळेपाशी उतरले. कस्तुराबाईंच्या पत्राने माणूस अमेरिकेतून ओढून आणला, असे गाव म्हणू लागले. कस्तुराबाईंनी ते कधी नाकारले नाही.

दोन वर्षांपूर्वी गावच्या शाळेत प्रौढांचा वर्ग सुरू झाला. शिकवणारी वर्षाराणी ही गावचीच सून, वयाने नातीएवढी. पहिल्या दिवशी तिने प्रत्येकीला विचारले, की तुम्हाला कशासाठी शिकायचे आहे. कोणी एसटीची पाटी सांगितली, कोणी बँकेचा कागद. कस्तुराबाई त्या वेळी त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला माज्या हातानं पत्र लिवायचं हाय."

"आजी, आता पत्र कोन लिहितंय? फोन आहे की तुमच्याकडं."

"फोनवर रागावता येतं बाई, पर ते राहत न्हाई. कागदावरलं राहतं."

त्या नेमाने वर्गाला गेल्या. परीक्षेत त्यांना दीडशेपैकी एकशे अठरा गुण मिळाले. जोडाक्षरापाशी त्या अजूनही थांबत, बोट ठेवत, ओठातल्या ओठात ते अक्षर दोनदा म्हणत आणि मगच पुढे जात. पण पुढे जात.

गेल्या जानेवारीत अमृतरावांची मुलगी उज्वला हैदराबादला कामासाठी आली होती. तेथून ती गाडी करून पळसवाडीला आली. उज्वला तिकडेच जन्मलेली. तिला मराठी बोलता येते, पण एक अक्षर वाचता येत नाही. तिने पिशवीतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि आत्याच्या मांडीवर ठेवला. डब्यात निळी, घडीची, परदेशी टपालाची सव्वीस पत्रे होती. ही सगळी पत्रे पळसवाडीहून गेलेली होती. १९९५ साली गावात टेलिफोन आला आणि पत्रे थांबली. तोपर्यंतची एकूणएक पत्रे अमृतरावांनी जपून ठेवली होती आणि प्रत्येकावर लाल शाईने क्रमांक घातला होता.

उज्वला म्हणाली, "आत्या, पप्पांना आता अक्षर दिसत नाही. माणूस दिसतो, पण कडेकडेनं. मधलं सगळं पुसट. आई तेलुगू, तिला मराठी वाचता येत नाही. मला पण नाही. पप्पा म्हणतात, अक्का वाचायला शिकली, तर पत्रं तिच्याकडं ने. तिच्या आवाजात ऐकायची आहेत."

"सगळी?"

"सगळी. कोणत्या नंबरच्या पत्रात काय आहे, ते त्यांना पाठ आहे. पण ऐकायची आहेत."

दिवस ठरला. फेब्रुवारीतला पहिला रविवार, सकाळी सात वाजता. त्या वेळी तिकडे शनिवारची संध्याकाळ असते. उज्वलाने फोन कसा उभा ठेवायचा ते दाखवले, आत्याच्या पाया पडली आणि गेली.

गाडी शाळेच्या वळणावरून दिसेनाशी झाली, तशा कस्तुराबाई डबा घेऊन घरात गेल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली. गाव ज्या पत्राचे कौतुक करीत होते, त्या पत्रात त्यांनी काय सांगितले होते, हे दोनच माणसांना ठाऊक होते: त्यांना आणि दगडोबांना. त्यांनी सांगितले होते, "आई मेली तवा तू आला न्हाईस. आता मी मेले तरी येऊ नको. मला भाऊ व्हता, तो मेला असं मी समजले." ही वाक्ये आता त्यांना स्वतःच्या तोंडाने, एकाहत्तर वर्षांच्या, डोळे गेलेल्या भावाला वाचून दाखवायची होती.

ते पत्र शोधायला वाचता येण्याची गरज नव्हती. आपल्याकडे मृत्यूची बातमी असलेल्या पत्राचा कोपरा फाडण्याची रीत होती. असे पत्र लोक उंबऱ्याबाहेर वाचत आणि तेथेच फाडून टाकत. घरात ठेवत नसत. शुभ पत्राला हळदीचे बोट लागे. कस्तुराबाई निरक्षर होत्या, तेव्हा या दोनच गोष्टी त्यांना स्वतःच्या हाताने लिहिता येत. प्रत्येक पत्र दगडोबांनी चिकटवले, की त्या हळदीचा अंगठा कोपऱ्यावर उठवत. त्या एका पत्राला मात्र त्यांनी हळद लावली नव्हती. दगडोबांची पाठ वळल्यावर त्यांनी चिकटवलेल्या घडीचा कोपरा टरकन फाडला होता आणि पत्र पोस्टमनच्या हाती दिले होते. भाऊ मेला असे नुसते सांगून त्यांचे समाधान झाले नव्हते.

कोपरा फाटलेले पत्र डब्यात होते. त्यावर एकोणीस हा आकडा होता.

त्यांनी ते उलटे करून सर्वांत खाली ठेवले.

पत्र जाळून टाकावे, असे पहिल्या दिवशी त्यांच्या मनात आले. पण अमृतरावांना क्रमांक पाठ होते. दुसऱ्या दिवशी मनात आले, की वाचताना दुसरेच काहीतरी बोलावे. समोर डोळे नाहीत, कोण पडताळणार? मग त्यांना वाटले, सत्तरी ओलांडेपर्यंत लोकांनी आपल्याला जे वाचून दाखवले ते आपण खरे मानले; आता आपण वाचणारे झालो, तर पहिल्याच वाचनात खोटे बोलायचे काय? त्यांनी ठरवले, की आधी बाकीची पत्रे वाचून हात बसवावा आणि एकोणिसावे शेवटी उघडावे.

रोज दुपारी खिडकीपाशी बसून त्या तीन-तीन पत्रे वाचू लागल्या. त्यांच्या लक्षात आले, की दगडोबा मोठे काटेकोर लेखनिक होते. जे वहिनीने सांगितले त्याला ते 'वैनी सांगतात की' असे जोडत, आणि जे स्वतःचे असे ते स्वतःच्या नावावर घालत. चौथ्या पत्रात होते, "वैनी सांगतात की थंडीत कानाला फडके बांधत जावे, लोक हसले तरी बांधावे." अकराव्यात होते, "तिकडील बैलांना शिंगे असतात काय, हे सवडीने कळवावे. हे माझे विचारणे आहे, वैनींचे नव्हे." कस्तुराबाई एकट्याच हसल्या. मग तळाचे उलटे पत्र दिसले आणि त्यांनी डबा मिटला.

रविवारला दोन दिवस राहिले तेव्हा त्यांनी एकोणिसावे पत्र उघडले. त्यांनी बोट ठेवले आणि वाचू लागल्या.

"चिरंजीव अमृतराव यांस अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, आपली ढवळी गाय व्याली. खोंड झाले. कपाळावर चांदवा आहे. कंधारची एसटी आता शाळेपर्यंत येते, चालणे वाचले. तूर बरी झाली. तुमच्या दाजींच्या गुडघ्याची सूज उतरली. घरची मंडळी धुरपताबाई माहेरी गेली होती, ती आली. मुले शाळेत जातात. मला खोकला होता, तो गेला. बाकी सर्व ठीक. लोभ असावा. आपला, दगडोबा."

कस्तुराबाईंना वाटले, आपण चुकलो. त्यांनी पुन्हा वाचले. तिसऱ्या वेळी उलट्या बाजूलाही पाहिले. तेथे फक्त पत्ता होता. त्या पत्र घेऊन तशाच वर्षाराणीच्या घरी गेल्या. ती भाकरी थापत होती.

"बाई, हात धू आन् हे वाच. मी काय वाचून राहिले, मलाच कळंना."

वर्षाराणीने वाचले. गाय, एसटी, तूर, गुडघा. "बरोबर वाचलंत की आजी. चांदवासुद्धा बरोबर वाचलात."

"यात राग कुठं हाय का? नीट बघ."

"राग? नाही. खोंड आहे."

कस्तुराबाई तेथून थेट दगडोबांकडे गेल्या. दगडोबा लिंबाखाली बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांना अलीकडे कमी ऐकू येते, म्हणून कस्तुराबाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

"भावजी, हे पत्र तुमच्या हातचं का?"

दगडोबांनी पत्र दूर धरून पाहिले. "हाव. माजंच अक्षर. बघा, वळण कसं हाय."

"वळण राहू द्या. मी सांगितलेलं कुठं हाय यात?"

दगडोबा शेंगा सोलायचे थांबले. अडतीस वर्षे जपलेली गोष्ट अखेर बाहेर आली, हे त्यांना कळले. "वैनी, तुम्ही सांगून राहिला व्हता तवा रडून बी राहिला व्हता. रडणाऱ्या माणसाचं लिहून घेत न्हाईत."

"कोन म्हनलं?"

"मीच ठरवलं व्हतं."

"आन् मी वाचून दाखवा म्हनले, तवा तुम्ही सगळं माजंच बोलनं जसंच्या तसं म्हनून दाखवलं. ते कुठून?"

"ते ध्यानात व्हतं की. इतकं कडू बोलनं ध्यानातच राहतं."

"म्हंजी खोटं वाचलं."

"तोंडी खोटं बोललो, वैनी. कागदावर न्हाई. कागदावर तुमच्या तोंडी खोटं घालायचं न्हाई, म्हनून तुमचं नावच घेतलं न्हाई. गाईवर भागवलं."

कस्तुराबाईंना हसावे की रागवावे ते समजेना. त्या बाजेच्या टोकाला बसल्या. "आन् गावातल्या बायांची पत्रं? त्यांच्या पोरांना मी इतकी झाडली, ती?"

दगडोबांनी एक शेंग उचलली. "सगळ्यांना लिहिलं, की तुमची आय तुमची वाट बघून राहिली. आली की पोरं."

मग कस्तुराबाईंनी पत्राचा फाटका कोपरा त्यांच्यापुढे धरला. अक्षराच्या नादात तो दगडोबांच्या ध्यानात आला नव्हता.

"हे कवा केलं?"

"तुम्ही हात धुवायला गेला तवा."

"असं करायला नको व्हतं, वैनी," दगडोबा हळू म्हणाले. "हे काय गायीच्या पत्राला शोभतंय?"

रविवारी सकाळी सात वाजता कस्तुराबाई इरकली लुगडे नेसून खिडकीपाशी बसल्या. दगडोबा पत्रांचे लेखक या नात्याने शेजारी येऊन बसले. फोन डब्याला टेकवून उभा केला होता. त्यात अमृतराव दिसले. केस सगळे पांढरे, नजर थोडी बाजूला. मागे उज्वला होती.

"अक्का, आधी एकोणीस नंबरचं वाच."

"एकपासून न्हाई का?"

"एकपासून मंग. आधी एकोणीस."

कस्तुराबाईंनी घसा साफ केला आणि वाचले. 'व्याली'पाशी थांबल्या, 'सर्व'पाशी थांबल्या, पण शेवटपर्यंत गेल्या. पलीकडे अमृतराव डोळे मिटून ऐकत होते.

"आता सांग, अक्का. या पत्रात कोन मेलं व्हतं?"

"कोनी न्हाई."

"मी तीन दिवस तेच शोधून राहिलो व्हतो. कोपरा फाटलेला, आन् आत खोंड. सगळ्यांची नावं एका कागदावर लिहिली आन् पत्राशी ताडून पाह्यली. दाजी हायेत. दगडोबा हायेत. धुरपताबाई हाय, लेकरं हायेत. एक तूच न्हाईस. हळद न्हाई, 'वैनी सांगतात' बी न्हाई. मला वाटलं, दगडोबाला लिहवंना, म्हनून गाईचं लिहिलं आन् कोपरा तेवढा फाडला. तार केली असती तर सगळं ठीक म्हनूनच उलट तार आली असती. म्हनून मी तिकीट काढलं."

कस्तुराबाईंच्या हातातले पत्र मांडीवर आले. एप्रिल महिना होता, हे त्यांना आठवले. त्या घरावरच्या माळवदावर कुरडया घालत होत्या. शाळेपाशी एसटी थांबली, सुटाबुटातला एक माणूस उतरून चालत आला, त्याने वर पाहिले आणि तो रस्त्यातच धुळीत बसला.

"तू धुळीत बसलास, तवा मला वाटलं शरमला."

"शरम कसली? माळवदावर तू दिसलीस. पायातलं बळच गेलं माज्या."

"मंग बोललास कामून न्हाई? इतकी वर्सं?"

"काय बोलू? जित्या माणसाला तोंडावर सांगू, की तू मेलीस म्हनून आलो? आन् तू तर दोन दिवस माझ्याशी बोललीच न्हाईस. पानी तेवढं दिलंस."

दगडोबा कानाला हात लावून विचारत होते, की काय चालले आहे. कस्तुराबाईंनी त्यांना हाताने थांबवले. आता गोष्ट येथेच मिटवता आली असती. पत्रात काही नव्हते, भावाने काही वाईट मानले नव्हते, आणि गावातला दरारा जागच्या जागी होता. पण कोपरा आपण का फाडला, हे भावाने अजून विचारले नव्हते, आणि तो विचारणारही नव्हता, हे त्यांना दिसले. त्या सरळ बसल्या.

"अमृता, हे पत्र मी सांगितलेलं न्हाई. माजं भावजींनी लिहिलंच न्हाई. मी काय सांगितलं व्हतं ते आता ऐक."

दगडोबांना एवढे मात्र ऐकू आले. ते मान हलवून नको म्हणू लागले. कस्तुराबाईंनी तिकडे पाहिले नाही. अडतीस वर्षांपूर्वीची तिन्ही वाक्ये त्यांनी वर्गात धडा म्हणावा तशी, एकेक शब्द सुटा करून म्हटली. शेवटचे वाक्यही त्यांनी गाळले नाही.

"आईच्या येळंला मी यायला पायजे व्हतं," अमृतराव म्हणाले.

"हाव. पायजे व्हतं."

"तवा माझे कागद अडकले व्हते. पर मी धडपड बी केली न्हाई. आई गेलीच हाय, आता जाऊन काय, असं म्हनून बसलो."

"मला वाटलंच व्हतं."

"एक खरं सांगू, अक्का? हे जर लिहून आलं असतं ना, तर मी आलो नसतो. मी बी तुजाच भाऊ. पाच-सहा वर्सं गाल फुगवून बसलो असतो."

कस्तुराबाईंनी यावर विचार केला. "म्हंजी तू माझ्या पत्रानं आला न्हाईस."

"न्हाई. तू गेलीस असं वाटलं म्हनून आलो."

"गावात कुनाला सांगू नको."

"मी अमेरिकेत हाय, अक्का. कुनाला सांगू?"

उज्वला मागे हसू लागली. तिने विचारले, "पप्पा, पण असं पत्र घरात ठेवत नाहीत, असं तुम्हीच सांगायचे."

"ज्यात कोनी मेलंच न्हाई, ते पत्र फेकू कशाला?" अमृतराव म्हणाले.

दगडोबांना आता राहवेना. "वैनी, काय म्हनून राहिला तो?"

कस्तुराबाई त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या, "म्हनतोय, तुमच्या खोंडानं त्याला आनलं."

दगडोबांनी पागोटे नीट केले आणि फोनकडे पाहून गंभीरपणे सांगितले, की ते खोंड पुढे फार चांगले निघाले, चौदा वर्षे औताला चालले. अमृतरावांनी त्यांचे आभार मानले. अमेरिकेतील बैलांना शिंगे असतात, हे आपण तेव्हाच्या उत्तरात कळवायचे विसरलो, असेही ते म्हणाले.

मग कस्तुराबाईंनी पहिले पत्र काढले. त्या सकाळी चार पत्रे झाली. तिसऱ्या पत्रात एक शब्द लवकर लागेना, तेव्हा दगडोबा पाठ असल्यासारखे पुढचे वाक्य बोलून मोकळे झाले.

"भावजी," कस्तुराबाई बोट न हलवता म्हणाल्या, "तुमचं वाचन मी लई ऐकलं. आता मी वाचून राहिले."

आणि अडलेल्या शब्दापाशी त्या परत आल्या, तो दोनदा ओठात म्हटला, आणि पुढे गेल्या.